मोहाखाली कोण कोण येतं? पालघर-बोईसरच्या जंगलातल्या एका झाडाची गोष्ट

(या भागाचं लिखित रूप. बोलण्यातली पुनरुक्ती थोडी कमी केली आहे, बाकी जसं बोललो तसंच.)

आजचा भाग एका झाडाबद्दल आहे. झाड तुमच्या ओळखीचं आहे, फक्त त्याची ओळख आपल्याकडे एकाच कारणाने जास्त झालीय. मोह. नाव घेतलं की बहुतेक जण गालात हसतात आणि पहिल्या धारेची चौकशी करतात. दारूबद्दल आपण बोलू, पण मागाहून. आधी जंगलाबद्दल बोलू.

विषय सुचला तो परदेशी जंगलांच्या माहितीपटांवरून. अमेरिकेचा ईशान्य भाग, कॅनडातलं ओंटारियो, तिकडच्या जंगलांमध्ये लाल ओक नावाचं झाड असतं. शरद ऋतूत त्याची फळं पडायला लागली की अस्वलं, हरणं, खारी, निळे जे पक्षी, उंदीर, सगळे त्याच्याभोवती गोळा होतात. अस्वलं तर हिवाळी झोपेआधी ही फळं खाऊन अंगावर चरबी चढवून घेतात. म्हणजे एक झाड अख्ख्या जंगलाचं कोठार होतं. ते बघताना प्रश्न पडतो की आपल्याकडे, पालघर, बोईसर, मनोर, विक्रमगड, जव्हार या पट्ट्यात असं कोठार कोणतं?

उत्तर एकच नाही. उंबर आहे, जांभूळ आहे, करवंद आहे. पण वर्षातल्या सगळ्यात कठीण दिवसांत जे झाड जंगलाला जेवू घालतं, ते मोह. आणि त्याच्या बाबतीत एक काळजीची गोष्ट आहे, ती आजच्या भागाचा खरा विषय.

आधी जागा समजून घेऊ

बोईसर म्हटलं की बाहेरच्या माणसाला तारापूरची एमआयडीसी आठवते, १९६९ पासून चालू असलेलं अणुवीज केंद्र आठवतं, सकाळच्या गाडीची गर्दी आठवते. पण स्टेशनच्या पूर्वेला बाहेर पडून चिल्हार फाट्याकडे निघालात, किंवा पालघरहून वाघोबा खिंडीतून मनोरकडे गेलात, की चित्र बदलतं. काळदुर्ग, पुढे आशेरीगड, आणि त्याच्याही पूर्वेला जव्हार-मोखाड्याचं पठार. दक्षिणेला वसईजवळ तुंगारेश्वरचं अभयारण्य. ते २००३ साली जाहीर झालं, क्षेत्र सुमारे ८५ चौरस किलोमीटर. नकाशात बघा, बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान एका बाजूला आणि तानसा अभयारण्य दुसऱ्या बाजूला, मधला दुवा म्हणजे तुंगारेश्वर.

हे सगळं पानझडीचं जंगल आहे. साग, ऐन, खैर, पळस, पांगारा, काटेसावर, कळंब, धावडा, आणि मोह. पावसाळ्यात इथे दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पण तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. उरलेले आठ महिने जंगल साठवलेल्या ओलाव्यावर जगतं. फेब्रुवारीपासून पानं गळायला लागतात. मार्चमध्ये डोंगर तांबूस, उघडेबोडके दिसतात. ओढे आटतात, गवत वाळून काडी होतं.

आता भेकराच्या जागी उभे राहून विचार करा. भेकर म्हणजे आपल्या जंगलातलं छोटं हरीण, कुत्र्यासारखं भुंकतं म्हणून ते नाव. हिरवा पाला कमी, गवत वाळलेलं, करवंदं आणि जांभळं यायला अजून दीड-दोन महिने. पळस, पांगारा, सावर फुललेत खरे, पण त्यांचा मध वर, पक्ष्यांसाठी. जमिनीवर चालणाऱ्या जनावराच्या वाट्याला काय?

नेमक्या याच दिवसांत, मार्च-एप्रिलमध्ये, मोह फुलतो.

चिकूचा चुलत भाऊ

मोहाचं फूल समजून घ्यायला एक सोपी ओळख सांगतो. डहाणू-घोलवडचा चिकू तुम्ही खाल्लाच असेल. चिकू, बकुळ, रायण आणि मोह ही सगळी एकाच कुळातली झाडं. पान किंवा कोवळी फांदी मोडली की पांढरा चीक येतो, ही या घराण्याची खूण. गंमत म्हणजे चिकू मूळचा मध्य अमेरिकेचा. आपल्याकडे त्याची कलमं बांधतात ती रायणीच्या खुंटावर. म्हणजे वाडीतल्या चिकूच्या झाडाचे पाय मोहाच्या नातेवाइकाचे असतात.

या घराण्यात मोहाने एक वेगळी सोय केली. त्याच्या फुलाच्या पाकळ्या पातळ नाहीत. त्या एकमेकींना चिकटून एक जाड, मांसल, फिकट पिवळसर कुपी तयार होते, टपोऱ्या मण्यासारखी. तिच्यात रस असतो आणि साखर असते. फूल वाळवलं तर त्याच्या वजनाचा निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून जास्त भाग साखरच भरतो. म्हणजे झाड फुलाच्या नावाखाली मनुकाच वाटतं म्हणा ना.

पण झाड फुकट काही वाटत नाही. मग ही साखर कोणासाठी?

रात्रीचं फूल

मोहाचं फूल रात्री उमलतं. त्याचा वास उग्र, काहींना अजिबात न आवडणारा. दिवसा फुलपाखरांना बोलावणारी फुलं रंगीत असतात. रात्री बोलावणाऱ्या फुलाला रंगाचा उपयोग नाही, वास लागतो. आणि हा वास ज्याच्यासाठी आहे तो पाहुणा म्हणजे फळं खाणारं वटवाघूळ.

त्या दिवसांत झाडावर पानं जवळजवळ नसतात, फांद्यांच्या टोकाला फुलांचे घोस असतात. वटवाघळाला उडत येऊन लटकायला याहून सोयीची जागा नाही. ते मांसल कुपी खातं, आणि खाताना त्याच्या तोंडाला, छातीच्या केसांना परागकण लागतात. मग ते दुसऱ्या झाडावर जातं.

मोहाने यात आणखी एक काळजी घेतलीय. फूल पुरतं उमलायच्या आधीच त्यातला स्त्रीकेसर लांब होऊन बाहेर डोकावतो, आणि त्याच फुलातले परागकण मागून तयार होतात. म्हणजे पराग घ्यायची वेळ आधी, पराग द्यायची वेळ नंतर. त्यामुळे फुलाला स्वतःचेच परागकण लागण्याची शक्यता कमी होते, दुसऱ्या झाडाचे लागण्याची वाढते. हे काम झालं की पहाटेच्या सुमाराला कुपी सुटते आणि टपकन खाली पडते. तिच्याबरोबर पुंकेसरही पडतात. पण, आणि हे नीट लक्षात ठेवा, फळ ज्यातून होणार तो बीजकोश वर फांदीलाच राहतो.

याचा अर्थ काय? जमिनीवर पडलेलं मोहफूल हे झाडाच्या दृष्टीने काम झालेलं फूल आहे. ते कोणी खाल्लं, कोणी वेचलं, तरी झाडाचं फळ कमी होत नाही. पुढे आपल्याला या गोष्टीची गरज लागणार आहे.

वटवाघळांबद्दल एक कायद्याची गोष्ट सांगतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात फळं खाणारी वटवाघळं पाचव्या अनुसूचीत होती. ही यादी उपद्रवी प्राण्यांची. कावळे, उंदीर, घुशी यांच्या रांगेत. म्हणजे ज्याच्यावाचून मोहाला फळ धरणं अवघड, त्याला मारायला कायद्याची आडकाठी नव्हती. २०२२ च्या दुरुस्तीत ती अनुसूचीच काढून टाकली गेली. पन्नास वर्षं लागली.

पहाटे खाली कोण येतं?

आता झाडाखाली बघू. रात्रभर फुलं टपटपत असतात. भेकर येतं. जिथे चितळ, सांबर आहेत तिथे ते येतात. रानडुक्कर येतं, ससा येतो, साळिंदर येतं. उदमांजर तर वर चढूनही खातं. उजाडलं की वानरं आणि माकडं. साखरेच्या वासाने मुंग्या आणि किडे येतात, त्यांना टिपायला रानकोंबड्या पालापाचोळा उकरत येतात. झाडाखालची माती सकाळी नीट पाहिलीत तर रात्रीच्या पंगतीची सगळी हजेरी तिथे लागलेली असते. खूर, पंजे, उकरलेल्या जागा.

जिथे खुराची जनावरं येतात, तिथे आणखी एक जण आसपास असतो. बिबट्या. बिबट्या फूल खात नाही, पण फूल खाणाऱ्यांवर त्याचं लक्ष असतं. या पट्ट्यात बिबट्या काही नवीन नाही. वारली समाजात वाघोबाची पूजा आहे, वाघबारस पाळली जाते, पालघर-मनोर रस्त्यावरच्या खिंडीचं नावच वाघोबा. जंगलात खायला असलं की बिबट्याचं जंगलात भागतं. जंगल रिकामं झालं की तो वस्तीतल्या कुत्र्या-कोंबड्यांकडे वळतो, आणि मग बातमी होते. तेव्हा मोहाच्या झाडाचा आणि तुमच्या पाड्यातल्या कोंबड्यांचा संबंध वाटतो तितका दूरचा नाही.

विदर्भात, गडचिरोली-चंद्रपूर-गोंदियाकडे, या पंगतीत अस्वलही असतं. तिकडे पहाटे मोह वेचायला गेलेला माणूस आणि अस्वल समोरासमोर येणं हा दर उन्हाळ्यातला खरा धोका आहे. आपल्याकडे पालघरला तो प्रश्न नाही.

आणि हो, तो नेहमीचा प्रश्न. मोह खाऊन जनावरं झिंगतात का? ताज्या फुलात दारू नसते, साखर असते. साखरेची दारू व्हायला फूल भिजून आंबावं लागतं, त्याला वेळ लागतो. पडलेली फुलं जनावरं आंबण्याआधीच संपवतात. त्यामुळे झिंगलेल्या माकडांच्या गोष्टी ऐकायला छान, पण मोहाखाली येणारं जनावर नशेसाठी येत नाही, भुकेसाठी येतं.

झाड म्हणजे नुसतं फूल नाही

फुलं संपता संपता मोहाला नवी पालवी येते, तांबूस, चकचकीत. मग हिरवी फळं धरतात आणि पावसाच्या तोंडावर, जून-जुलैच्या सुमाराला पिकतात. फळाचा गर पोपट, मैना, धनेश, माकडं आणि पुन्हा वटवाघळं खातात. वटवाघळाची सवय अशी की ते फळ तोडून दुसऱ्या झाडावर नेऊन खातं. गर खाल्ला की बी तिथे खाली टाकतं. मोहाचं बी जड असतं, वाऱ्याने उडत नाही. त्याला आईच्या सावलीतून बाहेर काढणारा वाहक हाच.

म्हणजे बघा, फूल फळवायला वटवाघूळ, बी लांब न्यायलाही वटवाघूळ.

शिवाय म्हातारा मोह म्हणजे चाळ असते. जुन्या खोडाला ढोली पडतात. त्यात पिंगळे राहतात, पोपट घरटी करतात, धनेशासारख्या मोठ्या पक्ष्याला तर मोठी ढोलीच लागते, आणि ती तरण्या झाडात मिळत नाही. फांद्यांवर बांडगूळ वाढतं. झाडाला ते त्रासदायक, पण त्याची फळं फुलटोच्या नावाच्या एवढ्याशा पक्ष्याचं अन्न.

जुन्या पानझडी जंगलाची किंमत कळायला पिंगळ्याचंच एक उदाहरण पुरेसं आहे. रानपिंगळा नावाचा एक छोटा घुबडाच्या जातीचा पक्षी आहे. शंभरेक वर्षं तो कोणालाच खात्रीने दिसला नव्हता, संपला असंच धरून चालले होते. १९९७ साली तो नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याजवळ पुन्हा सापडला. आणि २०१४ मध्ये तो आपल्या शेजारी, तानसा अभयारण्यात दिसला. मुंबईला पाणी देणाऱ्या तलावाच्या जंगलात! जुनी, मोठी झाडं शिल्लक असली की असं काहीतरी शिल्लक राहतं.

आता काळजीची गोष्ट

पालघर जिल्ह्यात मोह आहेत. शेताच्या बांधावर, पाड्याशेजारी, जंगलात, मोठमोठे, डेरेदार. कारण कोणी ते सहसा तोडत नाही. पूर्वी राब जाळायला ऐनाच्या, इतर झाडांच्या फांद्या खुडल्या, पण मोहाला हात लावला नाही. देणारं झाड कोण तोडेल? कायद्यानेही त्याला संरक्षण आहे. १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड कायद्यात जी अनुसूचित झाडं आहेत, ज्यांना परवानगीशिवाय तोडता येत नाही, त्यात सागाबरोबर, आंब्याबरोबर मोह आहे.

मग प्रश्न कुठे आहे?

प्रश्न असा की पुढच्या वेळी मोह दिसला की वर बघू नका, आजूबाजूला बघा. मनगटाएवढं खोड असलेला तरणा मोह शोधा. कमरेएवढं रोप शोधा. मध्य भारतातल्या मोहाच्या पट्ट्यात अभ्यासकांनी हे पुन्हा पुन्हा नोंदवलंय की म्हातारे मोह उभे आहेत, पण त्यांची पोरं दिसत नाहीत. विशेषतः बांधावर आणि गावाजवळच्या जंगलात. झाडं आहेत म्हणून आपल्याला वाटतं सगळं ठीक आहे. पण ज्या गावात फक्त आजी-आजोबा उरलेत, त्या गावाला आपण भरलेलं गाव म्हणतो का?

असं का होतं? तीन कारणं एकत्र येतात.

पहिलं, आग. मोहफुलं पाचोळ्यात पडली की दिसत नाहीत. म्हणून फुलं पडायच्या आधी झाडाखालचा पातेरा जाळायची पद्धत आहे. झाडाखालपुरती लावलेली आग वाऱ्याने पसरते, वणवा होतो. मोठ्या मोहाचं जाड साल आग सोसतं. पण त्याखाली दोन पानांवर उभं असलेलं रोप जळतं. जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्यांची घरटी जळतात, सरडे, कीटक जळतात. राखीव जंगलात आग लावणं हा १९२७ च्या वन कायद्याने गुन्हा आहे, पण काडी कोणी टाकली हे सिद्ध कोण करणार?

दुसरं, बी. मोहाच्या बियांना मोहट्या म्हणतात. त्यांचं तेल काढतात. खायला, दिव्याला, साबणाला. बी विकलं की रोख पैसे. त्यामुळे पडलेली बहुतेक बी वेचली जाते. आणि मोहाचं बी साठवणीचं नाही. गहू-हरभऱ्यासारखं ते वर्षभर डब्यात ठेवून पुढच्या वर्षी पेरता येत नाही. काही आठवड्यांत त्याची उगवण्याची ताकद झपाट्याने कमी होते. पडलं, पाऊस झाला, लगेच रुजलं, तरच.

तिसरं, चराई. आगीतून आणि वेचण्यातून सुटलेलं रोप शेळी खाते. मोह सुरुवातीला सावकाश वाढतो, आधी मूळ खोल नेतो. शेळीच्या तोंडाच्या वर जायला त्याला काही वर्षं लागतात.

लक्षात आलं का? फुलं वेचण्याने नुकसान होत नाही. ती काम झालेली फुलं आहेत. नुकसान होतं ते वेचण्याआधीच्या आगीने आणि बी एकही न सोडण्याने. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण नाहीतर आपण शहरात बसून "आदिवासी जंगल ओरबाडतात" म्हणून मोकळे होतो.

इथे लाल ओकाकडे पुन्हा एक नजर टाकू. ओकाचं फळ म्हणजे त्याचं बीच. खाणारा प्राणी झाडाचं पोरच खातो. म्हणून ओक काही वर्षं थोडी फळं देतो आणि मग एखाद्या वर्षी इतकी देतो की खाणाऱ्यांना संपत नाहीत, उरलेली रुजतात. जे पक्षी आणि खारी काही फळं जमिनीत पुरून विसरतात, त्यांतूनही रोपं येतात. मोहाने दुसरी युक्ती केली. साखर वेगळी दिली, बी वेगळं ठेवलं. पाहुण्यांना जेवण घालूनही पोरं सुरक्षित.

आणि तरी आज दोघांची अडचण सारखीच आहे. तिकडच्याही बऱ्याच जंगलांत जुने ओक उभे आहेत आणि तरणे कमी. कारणं मात्र वेगळी. तिकडे हरणांची संख्या वाढून रोपं खाल्ली जातात, आणि पूर्वी अधूनमधून लागणारी हलकी आग पूर्ण थांबवल्यामुळे मेपलसारखी सावलीत वाढणारी झाडं ओकाला दाबतात. म्हणजे तिथे आग नाही म्हणून, इथे आग फार म्हणून. तिकडचा उपाय उचलून इकडे लावता येत नाही. प्रत्येक जंगलाला त्याचं त्यालाच विचारावं लागतं.

माणूसही पंगतीतलाच

आता दारूचा विषय, कारण त्याच्याशिवाय मोहाचा इतिहास पुरा होत नाही. वारली, कोकणा, कातकरी, मल्हार कोळी, या समाजांसाठी मोह हे टंचाईच्या दिवसांतलं अन्न होतं. फुलं वाळवून ठेवायची, उकडून, भाजून खायची. दारू होती, पण लग्नात, देवकार्यात, मानाने. इंग्रज सरकारला मात्र त्यात दोनच गोष्टी दिसल्या. दारू आणि तिच्यावर बुडणारा कर. १८९२ साली मुंबई इलाख्यात खास मोहफुलांसाठी कायदा झाला, आणि तो लागू झाला ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांना. पालघर तेव्हा ठाण्यातच, थेट २०१४ च्या १ ऑगस्टपर्यंत होतं. स्वतःच्या बांधावरच्या झाडाचं पडलेलं फूल घरात साठवणं म्हणजे सरकारी भानगड, अशी अवस्था झाली. सरकारला ठेकेदाराची दारू खपवायची होती.

स्वातंत्र्यानंतरही मोहफूल बराच काळ दारूबंदीच्या चष्म्यातूनच पाहिलं गेलं. १९९६ चा पेसा कायदा आणि २००६ चा वनहक्क कायदा यांनी गौण वनोपजावर ग्रामसभेचा हक्क मान्य केला. २०२१ मध्ये राज्य सरकारने मोहफुलं गोळा करण्यावरची, साठवण्यावरची आणि वाहतुकीवरची बंधनं बरीच सैल केली. आता लाडू, मनुका, सरबत, जॅम असे पदार्थ बाजारात येताहेत. चांगली गोष्ट आहे. पण भाव वाढला की वेचणी वाढते, आणि वेचणीबरोबर आग वाढली तर आपण फांदीवर बसून फांदी तोडतोय. म्हणून हक्काबरोबर झाडाच्या पुढच्या पिढीचा हिशेबही ग्रामसभेच्या वहीत यायला हवा.

आणि रस्ते

एक शेवटचा मुद्दा, नाजूक आहे. या जिल्ह्यातून आज काय काय जातंय बघा. रुंद झालेला मुंबई-अहमदाबाद महामार्ग, मालगाड्यांचा वेगळा लोहमार्ग, बोईसरला थांबा असलेली बुलेट ट्रेन, मुंबई-वडोदरा द्रुतगती मार्ग, आणि डहाणूजवळ वाढवण बंदर, ज्याची पायाभरणी ऑगस्ट २०२४ मध्ये झाली. यातलं काय हवं, काय नको, हा आजच्या भागाचा विषय नाही. पण प्रत्येक प्रकल्पात एक वाक्य असतं, "तोडलेल्या झाडांच्या बदल्यात झाडं लावली जातील."

या वाक्यात झाड मोजलं जातं, वय मोजलं जात नाही. मोहाला पहिली फुलं यायला साधारण दहा वर्षं लागतात, ढोली पडायला कित्येक दशकं. आज तोडलेल्या म्हाताऱ्या मोहाच्या जागी उद्या दहा रोपं लावली, ती सगळी जगली असं धरलं, तरी पुढच्या चैत्रात भेकर काय खाणार? त्याच्या पुढच्या? कागदावर दहापट झाडं झाली, जंगलात मात्र दहा वर्षं ताट रिकामं. आणि मोह सरकारी रोपवाटिकेत कमी, शोभेची परदेशी झाडं जास्त, हे तुम्ही दुभाजकांवर बघतच असाल.

मग करायचं काय?

फार अवघड नाही.

आगीऐवजी झाडू. झाडाखालचा पातेरा जाळण्यापेक्षा गोळा करून बाजूला करायचा, कुजवला तर खत. किंवा झाडाखाली जुन्या साड्या, जाळी अंथरायची. छत्तीसगडकडे जाळी लावून वेचणी होते. फूल मातीत पडत नाही, स्वच्छ राहतं, त्याला भावही बरा मिळतो. म्हणजे यात जंगलाचा आणि वेचणाऱ्याचा फायदा एकाच बाजूला आहे.

प्रत्येक गावाने दोन-चार मोह बियांसाठी सोडायचे. त्यांची मोहटी वेचायची नाही. कोणती झाडं, हे ग्रामसभेत ठरवायचं.

बी ताजं असतानाच लावायचं. जून-जुलैत पडलेलं बी त्याच आठवड्यात मातीत. वृक्षारोपणाचा फोटो १५ ऑगस्टला काढायचा म्हणून बी महिनाभर पोत्यात ठेवलं तर उगवणार नाही.

रोपाभोवती काट्यांचं कुंपण. चार-पाच वर्षं, शेळीच्या तोंडाच्या वर जाईपर्यंत. आपोआप उगवलेलं रोप सापडलं तर आधी त्याला कुंपण घाला, नवीन लावण्यापेक्षा ते जास्त खात्रीचं.

आणि तुमच्या परिसरात वटवाघळांचं झाड असेल, तर त्यांना फटाके लावून हाकलू नका. ते तुमच्या शेजाऱ्याच्या मोहाचे कामगार आहेत.

शहरातल्या श्रोत्यांसाठी एक छोटं काम देतो. येत्या मार्च-एप्रिलमध्ये मनोर, विक्रमगड, जव्हारकडे जाणं झालं, तर गावातल्या कोणाला तरी सोबत घ्या, विचारून जा, आणि एका मोठ्या मोहाभोवती शंभर पावलांच्या आत तरणे मोह किती, ते मोजा. फोटो नको, आकडा कळवा. शून्य आला तर शून्य लिहा. दहा-वीस ठिकाणचे आकडे जमले तर आपल्याला कळेल की आपल्या भागात हे जंगलाचं कोठार पुढच्या पिढीला मिळणार आहे की नाही. मध्य भारताचं कळलं, आपलं आपल्याला कळायला हवं.

तर आजच्यापुरतं इतकंच. आकडे आले की त्यावर वेगळा भाग करू. पुढच्या भागात उंबराकडे जाऊ, ज्याचं फूल कोणालाच दिसत नाही म्हणतात. ते का दिसत नाही, आणि त्याच्या आत कोण राहतं, ते बघू. तोपर्यंत, नमस्कार.